साथ आली की दार कुणी लावायचं? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२० च्या मार्चमध्ये मी पुण्यातल्या एका गृहनिर्माण सोसायटीची सचिव होते. ९ मार्चला राज्यातले पहिले कोरोनारुग्ण आमच्याच शहरात सापडले आणि दोन आठवड्यांत फाटकाची किल्ली, सॅनिटायझरची बाटली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही माझ्या हातात आली. आत कोण येणार आणि बाहेर कोण जाणार, हे ठरवणाऱ्या पाच जणांतली मी एक. त्या दोन वर्षांत काही गोष्टी आम्ही नीट केल्या, काही साफ चुकवल्या. नंतर मी कायदा वाचला, पुण्याच्या प्लेगबद्दल वाचलं, शाळांत आणि महिला मंडळांत बोलायला जाऊ लागले. तिथे फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. कलमांचे आकडे माहितीपुरते आहेत. प्रत्यक्ष खटला अंगावर असेल तर वकिलालाच गाठा.

साथ आहे म्हणून सरकार मला घरात बसवू शकतं का?

हो, बसवू शकतं. त्यासाठी मुख्यतः दोन कायदे वापरले जातात. एक १८९७ चा साथरोग कायदा. महाराष्ट्राने तो १३ मार्च २०२० ला लागू केला. दुसरा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी जाहीर केलेली आणि चार तासांत लागू झालेली देशभरची टाळेबंदी त्या कायद्याखाली होती. आदेश मोडला तर तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम १८८ लागायचं. आपल्या हयगयीने जीवघेणा रोग पसरण्याचा धोका निर्माण केला तर २६९, आणि जाणूनबुजून तसं केलं तर २७०. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हीच कलमं अनुक्रमे २२३, २७१ आणि २७२ आहेत.

पण ‘बसवू शकतं’ म्हणजे ‘वाटेल तसं बसवू शकतं’ असं नाही. पुढचे सगळे प्रश्न या फरकातून येतात.

१८९७ चा कायदा? इंग्रजांचा? तो अजून चालतो?

चालतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. पाच महिन्यांत, ४ फेब्रुवारी १८९७ ला, हा कायदा झाला. मूळचा मजकूर इतका छोटा की एका बैठकीत वाचून होतो. पहिलं कलम नावाचं. दुसरं म्हणतं की नेहमीचे कायदे अपुरे वाटले तर सरकारने लागतील ते उपाय करावेत. तिसरं शिक्षेचं. चौथं म्हणतं की या कायद्याखाली सद्भावनेने काही केलं तर करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही.

मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा दुसऱ्या पानाची वाट पाहत होते. ज्याला कोंडायचं त्याच्या जेवणाचं काय, औषधाचं काय, किती दिवस कोंडायचं, दाद कुणाकडे मागायची, यातलं एक अक्षर त्यात नाही. २०२० मध्ये दुरुस्ती झाली ती डॉक्टर, परिचारिका, आशा कार्यकर्त्या यांच्यावरच्या हल्ल्यांबद्दल: तीन महिने ते पाच वर्षं कैद, गंभीर इजा केली तर सहा महिने ते सात वर्षं. ती दुरुस्ती हवीच होती. घरात बसवलेल्या माणसाला आपण काय देणं लागतो, ही जागा मात्र सव्वाशे वर्षांनंतरही कोरीच आहे.

पुण्यात प्लेगच्या वेळी नेमकं काय बिनसलं?

हा प्रश्न शाळेतली मुलं हमखास विचारतात, कारण त्यांना चापेकर बंधू माहीत असतात. २२ जून १८९७, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाची रात्र. गणेशखिंडीच्या रस्त्यावर वॉल्टर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे भाऊ आणि महादेव रानडे फासावर गेले. एवढं पाठ असतं. त्याआधीच्या तीन महिन्यांत काय झालं, ते फारसं कुणी सांगत नाही.

रँड पुण्याच्या प्लेग समितीचा अध्यक्ष होता. घराघरांत गोरे सोल्जर शिरले. देवघर, माजघर, स्वयंपाकघर काही सुटलं नाही. रोगी शोधायचे आणि दवाखान्यात न्यायचे, घरच्यांना छावणीत न्यायचं, सामान जाळायचं, जमीन उकरायची, भिंतींना चुना फासायचा. बायकांची तपासणी कशी झाली यावरून शहर पेटलं.

आता ही यादी थंड डोक्याने वाचा. रुग्णशोध, विलगीकरण, संपर्कातल्यांना वेगळं ठेवणं, निर्जंतुकीकरण. २०२० मध्ये आपणही हेच केलं. फरक कसा केलं यात आहे. पुणेकरांना त्यांच्या भाषेत कुणी समजावलं नाही, घरातल्या माणसाला विचारलं नाही, जाळलेल्या गाठोड्याचा हिशेब सहसा दिला नाही, आणि काम दिलं ते सैन्याला.

आणखी एक गोष्ट. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण उंदरावरच्या पिसवेतून तो माणसात येतो हे तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं. माणसं उचलून नेली, घरातले उंदीर राहिले. उलट आपल्या खेड्यापाड्यांत ‘उंदीर पडायला लागले’ की लोक स्वतःहून घर सोडून रानात खोपटी बांधून राहायचे. कितीतरी मराठी घरांत पणजी-खापरपणजीच्या तोंडची ही आठवण अजून सांगितली जाते. पुढे शास्त्राने जे सांगितलं ते या शहाणपणाशी जुळणारं होतं. लोकांना विचारलं असतं तर कदाचित उपायही बरा सापडला असता.

म्हणजे नियमांना विरोध करणारे बरोबर होते?

एवढं सोपं असतं तर बरं झालं असतं. त्याच पुण्यात, त्याच मार्च महिन्यात सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. त्यांचा मुलगा डॉ. यशवंत याने हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाला, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घालून त्या दवाखान्यात आणलं. १० मार्च १८९७ ला त्या वारल्या. गावाबाहेर वेगळं ठेवणं, हे विलगीकरणच होतं. पण न्यायला आलेल्या माणसाने रोग्याला स्वतःच्या पाठीवर घेतलं होतं.

टिळकांनी सोल्जरांच्या जुलमावर कडक लिहिलं, आणि लोकांना सरकारी दवाखान्याची धास्ती वाटते हे ओळखून हिंदूंसाठी वेगळं प्लेग-रुग्णालयही काढलं. साथीच्या दिवसांत ते पुण्यातच राहिले. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. जुलूम सहन करायचा नाही आणि रोगाला मोकळं रानही द्यायचं नाही, ही दोन्ही कामं एकाच माणसाला एकाच वेळी करता येतात.

घटनेने दिलेलं स्वातंत्र्य साथीत स्थगित होतं का?

नाही. टाळेबंदीतही घटना चालूच होती. कलम १९ देशभर फिरण्याचा, राहण्याचा आणि व्यवसाय करण्याचा हक्क देतं, आणि तेच कलम सांगतं की सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. सगळा भार ‘वाजवी’ या शब्दावर आहे. कलम २१ जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देतं. त्यात खासगीपण येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये एकमताने सांगितलं. कलम ४७ लोकांचं आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य मानतं. आणि कलम ५१ क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्यं आहेत, १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने घातलेली. ती मोडली म्हणून थेट शिक्षा होत नाही.

निर्बंध वाजवी आहे का, हे मी घरगुती पद्धतीने तपासते. रोगाशी त्याचा खरा संबंध आहे का? याहून कमी त्रासाचा उपाय होता का? किती दिवस, हे सांगितलंय का? सगळ्यांना सारखा आहे का? आणि ज्याला थांबवलं त्याच्या पोटाची, औषधाची सोय थांबवणाऱ्याने केली का? या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक आदेश अडखळतात.

हातावर पोट असणाऱ्याने घरी बसायचं म्हणजे काय करायचं?

२०२० च्या मे महिन्यात जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशातले मजूर औरंगाबादजवळ करमाडपाशी रुळांवर झोपले. रेल्वे बंद आहे अशी त्यांची समजूत. ८ मेच्या पहाटे मालगाडीखाली सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या चपात्यांचं छायाचित्र सगळ्यांनी पाहिलं. त्या माणसांना ‘घरी थांबा’ हे सांगून झालं होतं. त्यांचं घर शेकडो किलोमीटरवर होतं आणि इथली मजुरी बंद होती.

ज्याच्या घरी महिन्याचा किराणा भरलेला आहे आणि ज्याच्या घरी संध्याकाळचं पीठ सकाळी आणतात, त्या दोघांना एकच नियम लावला तर तो दिसतो समान, पडतो विषम. राज्याने शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांना केली, पुढच्या वर्षी काही महिने फुकटही दिली. ही थाळी म्हणजे निर्बंधाचीच दुसरी बाजू. तिला दानधर्म म्हणू नये.

धारावीकडे बघा. १ एप्रिल २०२० ला तिथला पहिला रुग्ण नोंदला गेला आणि सगळ्यांनी मनात धसका घेतला. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा माणसं, संडास सार्वजनिक. तिथे ‘घरी अंतर ठेवा’ हे वाक्यच निरर्थक. मग महापालिकेने शाळा आणि क्रीडा संकुल ताब्यात घेऊन लोकांना तिथे ठेवलं, जेवण दिलं, संडास दिवसातून अनेकदा धुतले, आणि तिथल्याच खासगी डॉक्टरांना बरोबर घेऊन घरोघर तपासणी केली. डॉक्टर ओळखीचा म्हणून दार उघडलं गेलं. रँडला हेच जमलं नव्हतं.

सोसायटीला स्वतःचे नियम करता येतात का? कामवाल्या मावशींना बंदी घालता येते का?

सरकारी आदेशापेक्षा कडक नियम आपल्या मनाने करण्याचा अधिकार सोसायटीच्या समितीला नाही. रहिवाशाला त्याच्याच घरात यायला अडवता येत नाही. शासनाने परवानगी दिलेल्या कामगाराला समितीने अडवणं गैरच.

हे मी आज ठामपणे लिहिते आहे. तेव्हा मी उलट वागले. जून २०२० मध्ये नियम सैल झाले तरी आमच्या समितीने ‘घरकामगारांना प्रवेश नाही’ असा फलक फाटकावर लावला, आणि त्याखाली सही माझी. दूधवाला येत होता, पार्सलवाला येत होता, गाडी धुणारा येत होता. बंदी फक्त सोळा बायकांना. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी एक दिवस फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. पदराने तोंड झाकलेलं, हातात पिशवी. म्हणाल्या, ‘ताई, आत नको घेऊ, पण या महिन्याचं काय ते सांग.’ मी पगार दिला. सोळापैकी सात जणींना तो मिळाला नाही, हे मला ऑगस्टमध्ये कळलं. थांबवलं आम्ही, आणि भुर्दंड पडला त्यांना.

रुग्णाच्या दारावर पाटी लावणं योग्य होतं का?

तेही आम्ही केलं. ९ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याने विशिष्ट आदेश दिल्याशिवाय रुग्णाच्या घराबाहेर असे फलक लावता येणार नाहीत. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका बरे होऊन महिना झाला तरी त्यांच्या दारावर चिकटपट्टीच्या चार खुणा होत्या आणि लोक त्या मजल्यावर जिना चढताना भिंतीकडे सरकायचे. पाटीने रोग थांबल्याचं मला आठवत नाही. पुढच्या दोन घरांनी चाचणीच करून घेतली नाही, हे मात्र नक्की आठवतं.

हातावरचा शिक्का, आरोग्य सेतू, हे खासगीपणावर आक्रमण नव्हतं का?

डाव्या हाताच्या पंज्यामागे न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात सुरू झाला. परदेशातून आलेल्यांसाठी, तारखेसह. पहिल्या आठवड्यांत त्याचा उपयोग होता, कारण शिक्का असलेली माणसं रेल्वेने गावी निघाल्याचं सापडत होतं. पण तोच शिक्का पाहून त्यांना गाडीतून उतरवताना जमावाने जी भाषा वापरली ती मी ऐकली आहे. रुग्णाच्या संपर्कात कोण आलं हे सांगणारं सरकारी मोबाइल अ‍ॅप आरोग्य सेतू २ एप्रिलला आलं, महिन्याभरात कर्मचाऱ्यांना सक्तीचं झालं आणि मेच्या मध्यावर ती सक्ती सैल झाली. माझं मत: माहिती घ्या, पण कशासाठी, कुणाकडे राहणार आणि कधी पुसणार हे आधी सांगा.

लस घ्यायची सक्ती करता येते का?

२ मे २०२२ ला जेकब पुलियेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शरीरावरचा अधिकार कलम २१ मध्ये येतो, कुणालाही बळजबरीने टोचता येणार नाही. त्याच निकालात असंही आहे की सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार व्यक्तीच्या हक्कांवर काही मर्यादा घालू शकतं, मात्र त्या प्रमाणात हव्यात. त्या वेळच्या परिस्थितीत न टोचलेल्यांना सार्वजनिक जागी अडवणं प्रमाणाबाहेरचं आहे, असं न्यायालयाचं मत पडलं.

मुंबईकरांना याचा अनुभव लोकलमध्ये आला. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस होऊन चौदा दिवस झालेल्यांनाच पास. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने ते आदेश ज्या रीतीने काढले गेले तीच कायद्याला धरून नसल्याचं म्हटलं. हेतू चांगला असला तरी रीत पाळावी लागते.

मी स्वतः लस घेतली, आईला घेऊन दिली, आणि तुम्हीही घ्यावी असंच म्हणेन. प्लेगची लस मुंबईतच तयार झाली. वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर चाचणी झाली ती त्यानंतर. लोकांना पटवायचं तर आधी आपली बाही वर करावी लागते.

देवळं, वारी, गणपती बंद ठेवणं हा धर्मावर घाला नव्हता का?

धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या कलम २५ ची सुरुवातच ‘सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून’ अशी आहे. पण २०२० च्या आषाढीला मला कलम आठवलं नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला निघाल्या आणि वाटेवरच्या गावांनी दारातून हात जोडले. पिढ्यान्‌पिढ्या चालत गेलेल्यांनी त्या वर्षी चालणं सोडलं. लालबागच्या राजाची मूर्तीच बसली नाही, तिथे रक्तदान आणि प्लाझ्मादान झालं. यातलं पुष्कळसं लोकांनी मनाने स्वीकारलं, कारण वारकऱ्यांशी आणि मंडळांशी आधी बोलणं झालं होतं. मंदिरांआधी दारूची दुकानं उघडली तेव्हा भाविकांना राग आला, तो मला रास्त वाटतो.

एखाद्या समाजामुळेच रोग पसरतो, असं म्हणतात ते?

२१ ऑगस्ट २०२० चा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा निकाल वाचा. तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेसाठी आलेल्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द करताना, त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं न्यायालयाने म्हटलं. विषाणूला जात-धर्म कळत नाही.

पोलिसांनी काठी मारली, उठाबशा काढायला लावल्या. हे कायद्यात बसतं?

बसत नाही. पोलिस अडवू शकतात, गुन्हा नोंदवू शकतात; शिक्षा न्यायालय देतं. रस्त्यावर उन्हात उभे राहून त्याच साथीत कित्येक पोलिस दगावले, त्यांच्याबद्दल मनात आदर आहे. तरीही औषध आणायला निघालेल्याच्या पोटरीवरचा वळ योग्य ठरत नाही.

शेजारी नियम मोडतोय. तक्रार करू का?

आधी दार वाजवा. आमच्याकडे एक तरुण विलगीकरणात असून रोज रात्री खाली उतरायचा. दोघांनी तक्रारीचा अर्ज लिहिला होता. मी फोन केला तर कळलं, मधुमेही वडिलांचं इन्सुलिन आणणारं दुसरं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून दोरीला टोपली बांधून औषध वर जाऊ लागलं आणि त्याचं उतरणं बंद झालं. सांगूनही, सोय करूनही कुणी बेफिकीर राहिलं तर मात्र प्रशासनाला कळवा, त्यात चुगली नाही.

पुढच्या साथीसाठी आत्ता काय करून ठेवता येईल?

मास्कची सक्ती महाराष्ट्रात २ एप्रिल २०२२ ला उठली, त्या दिवशी गुढीपाडवा होता. पुढच्याच रविवारी आम्ही सभा घेतली आणि एक वही केली. एकटे राहणारे ज्येष्ठ कोण, कुणाला रोजचं इंजेक्शन लागतं, कुणाची मुलं परदेशी आहेत, रिकामा फ्लॅट कुणाचा आहे आणि विलगीकरणाला तो मिळेल का, डबा कोण देईल. तक्रार कुणाकडे करायची आणि समितीने चूक केली तर समितीला कोण विचारणार, हेही त्यात आहे. घरकामगारांना कधी थांबवायची वेळ आली तर पूर्ण पगार सोसायटीच्या निधीतून, असा ठराव झाला. तो अवघ्या एका मताच्या फरकाने मंजूर झाला, म्हणजे बराच वाद झाला. वहीच्या पहिल्या पानावर त्या सोळा जणींची नावं आणि फोन नंबर आहेत. त्यातल्या दोघी आता येत नाहीत, त्यांच्या जागी आलेल्यांची नावं मी खाली वेगळ्या शाईने लिहिली आहेत.